नियंत्रण गटाचं हळदीकुंकू

माझ्या अंगावर आजवर चार वळू धावून आले. त्यातल्या एकाने मला आर्वी रोडवरच्या बाभळीवर चढवलं आणि स्वतः खाली रवंथ करत बसला. मी तीन तास वर होतो. घरी सांगताना मी पाच तास सांगतो, कारण काट्यांचाही काही विचार करायला हवा.

सेवानिवृत्तीनंतर वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहायला आलो तेव्हा कॉलनीत बातमी पसरली की जनावरांचे मोठे डॉक्टर आले. दुसऱ्याच सकाळी शेजारचे हेडमास्तर एक कुत्रं घेऊन दारात उभे. "सर, यानं माझी चप्पल खाल्ली. तेव्हापासून उदास राहून राह्यला." मी कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "जोडीतली दुसरी द्या." तेव्हापासून कॉलनीत माझी प्रॅक्टिस बंद आहे.

खरं सांगायचं तर मी इलाज करणारा डॉक्टर नव्हतोच. मी पशुवैद्यक कॉलेजात शिकवत होतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा गाईड होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. माझे विद्यार्थी तिथे अजून नोकरीला आहेत आणि त्यांना पोरंबाळं आहेत. आमचं घराणं दुसऱ्या सिंदीचं, सिंदी रेल्वेचं, कापसाच्या व्यापारातलं. मी गाईड झालो तेव्हा आईने विचारलं, "गाईड म्हंजे गाईचाच ना?" मी हो म्हणालो. "मंग ठीक हाये," म्हणाली. "मले वाटलं मास्तर झाला का काय."

गाईडचं काम काय, ते बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड. पोरं पाच-साडेपाच वर्षं घासून जनावरांचे डॉक्टर होतात. त्यातली काही, ज्यांना अजून पुरेसा त्रास झालेला नसतो, पुढे शिकायला येतात. त्यांना दोन वर्षांत एक प्रश्न घ्यायचा, त्याचं उत्तर शोधायचं आणि प्रबंध लिहायचा असतो. प्रश्न मात्र इतका बारीक हवा की सुईच्या नेढ्यातून जाऊन वर हात हलवू शकेल. "गायीला काय होतं?" असा प्रश्न चालत नाही. "विशिष्ट वयाच्या, विशिष्ट जातीच्या, अमुक महिन्यात व्यालेल्या गायीच्या रक्तात तमुक घटक किती?" हा चालतो. गाईडने तो प्रश्न काढून द्यायचा, विद्यार्थ्याला रडू द्यायचं, मग चहा पाजायचा आणि शेवटी सही करायची.

माझ्या एका विद्यार्थ्याने पुलगावच्या आसपासच्या खेड्यांतून शेळ्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात नळ्या. एसटीत शेजारच्या मावशींनी तीनदा विचारलं, "कुल्फी केवढ्याले?" चौथ्यांदा त्याने झाकण उघडून दाखवलं. सगळी एसटी पुलगाव स्टँडवर रिकामी झाली, ड्रायव्हरसकट, असं मी वर्गात सांगत असे. खरं म्हणजे फक्त मावशी उठून पुढच्या सीटवर गेल्या. पण पदव्युत्तर शिक्षणातलं दुःख पोरांना कळावं म्हणून थोडी भर घालावी लागते.

या भर घालण्यानेच पुढचा घोळ झाला.

दरवर्षी आमच्याकडे एक बैठक होई. संशोधनाचे प्राधान्यक्रम ठरवायचे, म्हणजे पुढची काही वर्षं कोणत्या विषयांवर प्रबंध व्हावेत त्याची यादी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, काजू-बिस्किटं. जो जितका अवघड शब्द बोलेल त्याचा विषय तितका वर. कोणी जनुकांचं बोलायचं, कोणी पेशींचं, एकाने तर ड्रोनने म्हशींचा ताप मोजायचं सुचवलं होतं. मला आमच्या वर्धा जिल्ह्यातली गवळाऊ गाय यादीत बसवायची होती. पांढरी, लांबट, काटक, बंडीला जुंपलेला तिचा बैल पळाला की मागच्या माणसाला धूळच दिसते. आर्वी-कारंज्याच्या डोंगरपट्ट्यातली ही जात वर्षागणिक कमी होत चालली होती, आणि टेबलावर तिचं नाव कोणी घेत नव्हतं.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की परवाच मी त्या पट्ट्यात गेलो होतो, तिथे चाळीस बायकांनी माझी गाडी अडवली, एका म्हातारीने माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "साहेब, आमच्या गायी माजावर येत नाईत. तुमी एवढे शिकलेले, काऊन काही करत नाई?" संचालकांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. विषय मंजूर झाला: गवळाऊ गायींमध्ये माज न येण्याची समस्या आणि खनिज मिश्रणाचा परिणाम.

मी त्या आठवड्यात त्या पट्ट्यात गेलोच नव्हतो. मला फक्त भाजीच्या दुकानात एक बाई भेटल्या होत्या, आणि त्यांची तक्रार दूधवाल्याच्या दुधात पाणी असतं एवढीच होती.

हा विषय ज्या विद्यार्थिनीच्या वाट्याला आला ती डॉ. केतकी. सांगलीकडची, बारीक चणीची, कमी बोलणारी. पुढे पीएच.डी.साठी तिला एका दूरच्या संस्थेत जागा मिळाली होती. अट एकच, जून संपायच्या आत प्रबंध दाखल झालेला हवा. घरी वडिलांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटून झाले होते. त्यामुळे सगळं वेळेत होणं तिला अगदी गरजेचं होतं.

बेत साधा होता. त्या पट्ट्यातलं एक गाव निवडलं. व्यायल्यानंतर कितीतरी महिने माजावर न आलेल्या, म्हणजे पुन्हा फळायला तयार न झालेल्या, चोवीस गायी सापडल्या. म्हणजे माझी थाप चुकून खरी निघाली, याचा मला काही दिवस फार अभिमान वाटला. बारा गायींना रोज खनिज मिश्रणाची पांढरी भुकटी कुटारातून, म्हणजे कोरड्या भुशातून द्यायची. उरलेल्या बारांना काहीच द्यायचं नाही. दोन महिने पाहायचं. भुकटीवाल्या माजावर आल्या आणि बाकीच्या नाही, तर भुकटीचा गुण. दोन्हीकडच्या आल्या, तर भुकटीचं काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांना काही द्यायचं नाही त्या बारा गायी सर्वांत महत्त्वाच्या. त्यांना आम्ही नियंत्रण गट म्हणतो.

गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष होत्या बेबीताई. उंच आवाज, घरी तीन गायी, आणि ग्रामसेवकही त्यांना विचारून शिंकत असे. दोन महिन्यांच्या पिशव्या त्यांच्याच ताब्यात दिल्या. केतकीने अंगणात बायकांना बसवून समजावलं, "हा एक गट. या गटाला औषध. आणि हा दुसरा गट, याला सध्या काही नाही."

"या गटाले काऊन नाई?" एकीने विचारलं.

"तो नियंत्रण गट आहे, मावशी."

"असं असं," बेबीताई म्हणाल्या. "गट हाये ना? मंग समजलं."

केतकीला वाटलं, समजलं. मीही मान डोलावली. डिसेंबर संपत आला होता.

जानेवारीच्या शेवटापासून गायी माजावर यायला लागल्या. केतकी दर चार दिवसांनी जाऊन नोंद करत होती. पहिल्यांदा भुकटीवाल्या तीन आल्या. मग आणखी दोन. मी कॉलेजात पेढे मागवले. मग नियंत्रण गटातली एक आली. मग दुसरी. मग एका आठवड्यात चार. फेब्रुवारी संपेपर्यंत दोन्ही गट जवळपास सारखेच. गावात इतकं हंबरणं चाललं होतं की शाळेतली पोरं पाढे मोठ्याने म्हणायला लागली, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं.

केतकी घाबरून माझ्याकडे आली. मी अर्ध्या तासात तिच्यापुढे तीन सिद्धांत मांडले. हवामानाचा, पाण्यातल्या क्षारांचा, आणि एका गायीला पाहून दुसरीला येणाऱ्या माजाचा. तिसऱ्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की त्यावर दोन प्रबंध होतील, असं म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि एसटी पकडून गावात गेली.

नियंत्रण गटातल्या एका बाईच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, खुंटीला छोटी पिशवी टांगलेली होती. आत पांढरी भुकटी. पिशवीवर हळदीकुंकवाची दोन बोटं.

मग मीही गेलो. बेबीताईंच्या ओसरीवर बसलो. मी विचारलं, "बेबीताई, हे भुकटीचं काय झालं?"

"काय व्हाचं हाये? वाटली."

"कोणाले?"

"साऱ्याईले. संक्रांतीचं हळदीकुंकू नोतं का? दरसाल प्लास्टिकच्या वाट्या लुटतो, कंगवे लुटतो. अवंदा म्या म्हनलं, हे लुटू. वाण म्हून. कंगव्यापेक्षा बरं नाई का?"

"पण ताई, त्या बारा गायींना द्यायचं नव्हतं ना," केतकी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बाई माय, तूच म्हनली का गट हाये. गटात एकीले भेटते अन् एकीले नाई, असं कुठं असते? पहिल्याच महिन्यात गट फुटते. तिकडच्या बाया मले म्हनत होत्या, आमच्या गायीनं काय घोडं मारलं? मंग म्या अर्धं-अर्धं केलं. समद्याईले सारखं."

मला हसू फुटलं. खरोखर, पोट धरून हसलो. आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट हाती आली होती. नियंत्रण गटाला हळदीकुंकू! तिथल्या तिथे मी ती मनात रंगवायला सुरुवात केली. केतकीकडे पाहिलं तेव्हा ती जमिनीकडे पाहत होती. तिची दोन वर्षं त्या ओसरीवर वाटली गेली होती, कंगव्यांच्या जागी.

उठताना बेबीताईंनीच विचारलं, "ते जाऊ द्या साहेब. गायी तं आल्या माजावर. आता वळू कवा आणता?"

"कोणता वळू?"

"घ्या! म्या पहिल्याच दिवशी म्याडमले सांगतलं होतं. गावात वळू नाई. जुना होता तो मरून गेला. पयले लोकं देवाच्या नावानं सोडत, आता कोनी सोडत नाई. वावरात शिरते म्हून समद्याईले जड झाला. रेतन करनारे साहेब येते, पन त्याच्या डब्यात जर्सी. जर्सीचा गोऱ्हा आमच्या उन्हात बंडीले चालते का? धापा टाकते नुसता. तुमी माज आनून देला, तो कोनाच्या गळ्यात बांधू?"

परतीच्या एसटीत केतकीने रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. पहिल्या भेटीची पानं. शेवटचा रकाना शेऱ्यांचा. जवळजवळ प्रत्येक गायीपुढे तिच्या बारीक अक्षरात एकच: वळू नाही. वळू नाही. वळू मिळेल का विचारले.

"मी तुम्हाला दाखवलं होतं सर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तो आपला विषय नाही."

म्हणालो होतो. विषय मंजूर झाला होता ना! एका न भेटलेल्या म्हातारीच्या तोंडून मी प्रश्न वदवून घेतला होता, आणि खऱ्या बायकांनी जो प्रश्न विचारला तो शेऱ्यांच्या रकान्यात पडून राहिला होता. यादी अशीच बनते. टेबलावर बसलेल्याला जे सांगता येतं ते वर जातं.

आता कबुलीचा भाग. मार्च होता. नव्या गावात पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे वर्ष गेलं आणि तिची पुढची जागाही गेली. मी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि म्हणालो, "हे बघ. नियंत्रण गटाचे जानेवारीच्या मध्यापर्यंतचे आकडे आहेतच. तेवढेच धरू. पुढचं लिहायचं नाही. वाण-बिण प्रबंधात येत नसतं."

तिने कप बाजूला ठेवला. "सर, तेवढ्यात तर भुकटीवाल्यांपैकीही कोणी आलं नव्हतं."

"मग त्यांचे शेवटपर्यंतचे धरू."

"म्हणजे एका गटाचे दोन महिने आणि दुसऱ्याचे तीन आठवडे?"

तीस वर्षं मी वळू, एसटी, म्हाताऱ्या सगळ्यांना वाढवून सांगत आलो, पण तक्त्यातल्या आकड्याला कधी हात लावला नव्हता. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो होतो. त्या दिवशी मी तो हात पुढे केला होता, आणि तोही दुसरीच्या प्रबंधात.

"दोघी आईसारख्या आहेत मला सर, बेबीताई आणि त्या कोठ्यातल्या मावशी," ती म्हणाली. "त्यांनी केलं ते लपवलं तर त्यांनी काहीतरी वाईट केलं असं होईल. त्यांनी वाईट नाही केलं. मला गट म्हणजे काय ते सांगता आलं नाही."

दोन दिवसांनी तिने मसुदा आणला. प्रबंध इंग्रजीत, पण त्या वाक्याचं मराठी असं: "नियंत्रण गटास संक्रांतीच्या हळदीकुंकवात खनिज मिश्रण मिळाल्यामुळे दोन गटांची तुलना शक्य नाही." खाली आणखी एक: "या काळात तुरीचं नवं कुटारही सुरू झालं होतं, त्यामुळे माज कशामुळे आला हे सांगता येत नाही." आणि त्यानंतर एक अख्खं प्रकरण, गावात वळू नसण्याबद्दल. इतकं कोरडं लिखाण मी आयुष्यात वाचलं नव्हतं. एक विशेषण नाही. मी सही केली.

प्रबंधापूर्वी सगळ्या विभागांसमोर सादरीकरण असतं. गाईडने प्रास्ताविक करायचं. मी ठरवलं होतं की साधं सांगायचं, पोरीच्या बाजूने उभं राहायचं. पण मी उभा राहिलो, "हळदीकुंकू" हा शब्द उच्चारला आणि समोरचे चेहरे हसायच्या तयारीत वर आले. तीस वर्षांची सवय होती त्यांना. आणि मला. दोन मिनिटांत सभागृह गदगदत होतं. मी वळूपर्यंत पोचलो तेव्हा संचालक डोळे पुसत म्हणाले, "बस झालं सर, पोट दुखतं. तुमचं म्हणजे एकेक भारीच असतं!" मी म्हणालो, "नाही हो, हे खरं आहे." त्यावर सर्वांत मोठा हशा झाला.

केतकी पुढे आली. हळूच म्हणाली, "सर, तुम्ही बसा. मी वाचते."

तिने पडद्यावर तक्ता लावला आणि वाचायला लागली. गाय पहिली, मालकीण बेबीताई, माजावर आली, वळू नाही. गाय दुसरी, माजावर आली, वळू नाही. गाय तिसरी, पुन्हा माजावर आली, वळू नाही. आवाजात चढ नाही, उतार नाही. पाचव्या गायीपर्यंत मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसत होतं. दहाव्या गायीपर्यंत तेही थांबलं. ती चोवीसही वाचणार आहे हे लोकांना कळलं तेव्हा एकाने घड्याळ पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. प्रत्येक गायीला एक शेपूट जोडावं असं माझ्या जिभेवर येत होतं. तोंडावर हात ठेवून बसलो.

समितीने काय ठरवलं? बरोबरच ठरवलं. तुलना नसल्यामुळे प्रयोग दुसऱ्या गावात पुन्हा करायचा. केतकीचा जून गेला, ती जागाही गेली. तिच्या वडिलांशी फोनवर मी बोललो, तो माझ्या नोकरीतला सर्वांत अवघड फोन. पुढच्या वर्षी तिने प्रयोग पुन्हा केला. या वेळी तिने गावातल्या सगळ्या बायकांना आधीच सांगितलं की दोन महिन्यांनी उरलेल्या बारा गायींनाही तेवढंच मिळणार, आधी या, मग त्या, पाळीपाळीने. "मंग असं सांग ना," म्हणून त्या गटाने एक चिमूटही इकडची तिकडे होऊ दिली नाही. तो प्रबंध चांगला झाला. आता ती दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते आणि स्वतः गाईड आहे. तिचे विद्यार्थी म्हणतात, मॅडम फार कोरड्या. मी ऐकतो आणि गप्प बसतो, हे जवळजवळ खरं आहे.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या प्राधान्यक्रमाच्या बैठकीत मी तिचाच तक्ता नेला आणि तिच्यासारखा वाचला. चौथ्या गायीला जीभ वळवळली, पण निभावलं. यादीत अगदी तळाला एक ओळ आली, स्थानिक जातींच्या वळूंची उपलब्धता. यादीतली ओळ म्हणजे वळू नव्हे. ओळीचा प्रकल्प व्हावा लागतो, प्रकल्पाला मंजुरी, मंजुरीला माणूस, आणि मग कुठे चार पायांचं काहीतरी ट्रकमधून उतरतं. कधीकधी उतरतही नाही.

परवा बेबीताईंचा फोन आला. नंबर केतकीनेच दिला असावा.

"साहेब, तुमी रिटायर झाले म्हने. ते वळूचं काय झालं? येते का नाई?"

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. बैठक, संचालक, ट्रक, हार घातलेला वळू, वाजंत्री. तोंड उघडलंही होतं.

"बेबीताई," मी म्हणालो, "मले मालूम नाई. यादीत नाव लागलं हाये. येईन का नाई, खरंच मालूम नाई."

तिकडे गायीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"बरं झालं सांगतलं," त्या म्हणाल्या. "आमी बाया मिळून गोऱ्हा पाहून ठेवला हाये, कारंज्याकडचा. तुमच्या वळूच्या आशेनं थांबलो होतो. आता उद्याच आनतो."